गोळा, नळी आणि वाव : मराठी तोफखान्यांतील मोजमापाचा विचार

१

तोफखान्यासंबंधीं एखादा जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम तारीख लावतो, नंतर माणसांचीं नांवें जुळवितो आणि शेवटीं रकमेचा मेळ घालतो. त्याच कागदांत ‘इतक्या शेरी गोळे, नग इतके’ अशी एखादी ओळ असेल तर ती नकलून घेतली जाते खरी, परंतु तिचा अर्थ लावण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. गोळा म्हणजे गोळा, तोफ म्हणजे तोफ. त्यांत शोधावयाचें तें काय, अशी आपली समजूत असते.

ही समजूत सोडावी, अशी विनंति करण्यासाठीं हा लेख आहे. गोळा वजनानें ओळखिला जातो, पण तो तोफेंत शिरतो व्यासानें. वजन सांगणारा कागद किती लोखंड खपलें, किती बैल लागले, किती पैसा द्यावयाचा हें सांगतो. तो गोळा त्या तोफेला बसत होता कीं नाहीं हें सांगत नाहीं. लढाईच्या दिवशीं मात्र प्रश्न एवढाच असतो. गोळा व नळी यांच्यामध्यें जी मोकळी जागा राहते तिला या लेखांत ‘वाव’ म्हटलें आहे. हा वाव किती असावा, तो कशानें मोजावा आणि त्यांत किती कमीजास्त चालवून घ्यावें, या तीन प्रश्नांत यंत्रयुगांतील सूक्ष्ममापनाचें सारें बीज आहे. आपल्याकडील तोफखान्याचा इतिहासही या दृष्टीनें एकदां पाहण्यासारखा आहे.

२

बुलढाणा जिल्ह्यांत बसून हा विचार सुचावा यांत नवल नाहीं. बालाघाट व पायनघाट या वऱ्हाडच्या दोन्ही अंगांस धरून असलेल्या या मुलखांतून तोफांचे गाडे वारंवार गेले आहेत. १७२४ च्या ऑक्टोबरांत साखरखेर्ड्याच्या रणांत निजामुल्मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेंत आपलें आसन स्थिर केलें. त्या गांवाला फत्तेखेर्डा हें नांव पडलें तें त्यामुळेंच. पुढें १७५७ च्या अखेरीस जाधवरावांच्या सिंदखेडास मराठ्यांनीं वेढा घातला. एका बाजूस विश्वासराव व दत्ताजी शिंदे, दुसऱ्या बाजूस रामचंद्र जाधवराव आणि त्याच्या मदतीस आलेला निजामअल्ली. शेवटीं साखरखेर्डे येथेंच तह झाला. त्या वेळीं निजामअल्लीच्या पदरीं असलेला इब्राहिमखान गारदी पुढें पेशव्यांकडे आला आणि १७६० मध्यें उदगीरच्या लढाईंत त्याच्या कवायती पलटणींचा व तोफांचा उपयोग मराठ्यांच्या बाजूनें झाला.

तिसरा प्रसंग १८०३ चा. २३ सप्टेंबर रोजीं असईस आणि २९ नोव्हेंबर रोजीं आडगांवास ज्या दोन लढाया झाल्या, त्यांचीं रणक्षेत्रें या जिल्ह्याच्या दोन बाजूंस आहेत : असई आजच्या जालना जिल्ह्यांत आणि आडगांव अकोला जिल्ह्यांत. असईस शिंद्यांच्या नव्वदांहून अधिक तोफा इंग्रजांच्या हातीं गेल्या. आडगांवास आणखी ३८ गेल्या. या तोफांविषयीं जेत्यांनीं काय लिहून ठेविलें तें पुढें येईलच. तूर्त एवढें लक्षांत ठेवावें कीं, ऐंशीं वर्षांच्या अवधींत या एका टापूच्या आसपास मोगली, निजामशाही, पेशवाई, शिंदेशाही व इंग्रजी अशा नाना जातींच्या तोफा आल्या. ज्या मापानें एकाचे गोळे ओतले जात त्या मापानें दुसऱ्याचे ओतले जात होतेच, असें मानण्यास आधार नाहीं.

३

आपल्या शास्त्रकारांनीं मापाचा विचार फार खोल केला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत लांबीचीं मानें परमाणूपासून आरंभ करून दिलीं आहेत. आठ परमाणूंचा रथाच्या चाकानें उडालेला एक रजःकण, अशा आठ कणांची एक लिक्षा, आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचें एक अंगुळ. अंगुळ म्हणजे मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी, अशीही व्याख्या तेथेंच आहे. भास्कराचार्य लीलावतींत (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) आठ यवांचें अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात आणि चार हातांचा दंड असें कोष्टक देतात.

हात अठरा इंचांचा धरला तर अंगुळ सुमारें १९ मिलिमीटर येतें. यव २·४ मिलिमीटर. यूका मिलिमीटरच्या तीन दशांशांच्या जवळ. लिक्षा मिलिमीटरचा सुमारें सत्ताविसावा भाग. परमाणु तर मिलिमीटरच्या हजारांशाच्या, म्हणजे एका मायक्रॉनच्या, अर्ध्याहून किंचित् अधिक. हा आंकडा पाहून कोणालाही मोह होईल कीं, आजच्या सूक्ष्ममापकाची मजल आमच्या पूर्वजांनीं गांठली होती. हा मोह आवरला पाहिजे. आठानें भागत गेलें म्हणजे कितीही लहान मान कागदावर निर्माण होतें. मानाला नांव असणें आणि तें मान हातांत धरून दुसऱ्या वस्तूशीं ताडून पाहतां येणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कारागिराच्या व्यवहारांत यवाच्या खालीं उतरल्याचीं उदाहरणें विरळ. सुताराच्या तोंडीं आजही असलेलें ‘सूत’ हें माप इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३·२ मिलिमीटर, एवढें जाड आहे.

परंतु ज्या गोष्टीचा खरोखर अभिमान धरावा ती याच ग्रंथांत दुसरीकडे आहे. कौटिल्यानें खोट्या मापांबद्दल दंड सांगतांना असें ठरविलें आहे कीं, द्रोणाच्या मापांत अर्धें पल कमी किंवा अधिक असल्यास दोष नाहीं. एक पल कमीजास्त झाल्यास बारा पण दंड. द्रोण सुमारें दोनशें पलांचा. म्हणजे चारशेंत एक एवढी चूक चालवून घ्यावयाची आणि त्यापुढें दंड करावयाचा. माप सर्वथा निर्दोष असूं शकत नाहीं हें मान्य करून दोषाची मर्यादा आधींच जाहीर करणें, ही खरी शास्त्रीय बुद्धि होय. आजचे यंत्रकार हिलाच ‘टॉलरन्स’ म्हणतात. आपण तिला ‘मुभा’ म्हणूं.

भास्कराचार्यांचा विवेकही याच जातीचा आहे. परिघ व व्यास यांचें प्रमाण त्यांनीं दोन प्रकारें दिलें : ३९२७ : १२५० हें सूक्ष्म आणि २२ : ७ हें स्थूल, आणि स्थूलाला त्यांनीं व्यवहारयोग्य म्हटलें. विद्यार्थ्यांना हा श्लोक शिकवितांना आपण ‘स्थूल’ या शब्दावर थांबतों. खरें मर्म ‘व्यवहारयोग्य’ या शब्दांत आहे. कोणता व्यवहार हें ठरल्याशिवाय किती स्थूलता चालेल हें ठरत नाहीं. धान्याच्या कोठाराला जें चालतें तें तोफेला चालेलच असें नाहीं.

४

आतां गोळ्याकडे वळूं. गोलाचें घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होतें. ओतीव लोखंडाच्या एका घन सेंटिमीटरचें वजन सुमारें ७·२ ग्रॅम धरूं आणि शेर ऐंशीं तोळ्यांचा, तोळा १८३३ मध्यें इंग्रजी अमलांत ठरला तो १८० ग्रेनांचा घेऊं. तर एकशेरी गोळ्याचा व्यास ६·२८ सेंटिमीटर येतो. आठशेरी गोळ्याचा १२·५६.

पण शेर सर्वत्र ऐंशीं तोळ्यांचा नव्हता. पेठेपेठेस तो बदलत असे, हें जुन्या हिशेबांच्या वाचकांस सांगावयास नको. समजा, एका ठिकाणच्या कारखान्यानें ७६ तोळ्यांचा शेर धरून एकशेरी गोळा ओतला. त्याचा व्यास ६·१७ सेंटिमीटर होईल. दोहोंत फरक सुमारें १·१ मिलिमीटर. हा फरक लहान वाटतो. परंतु त्या काळच्या इंग्रजी तोफखान्याचा नियम असा होता कीं, गोळ्याचा व्यास २० तर नळीचा व्यास २१ असावा. या नियमानें ६·२८ सेंटिमीटरच्या गोळ्याभोंवतीं एकूण वाव ३·१ मिलिमीटर येतो. शेरांतील चार तोळ्यांच्या फरकानें त्या वावाच्या एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा खाल्ला किंवा वाढविला. कागदावर मात्र दोन्ही गोळे ‘एकशेरी’च राहिले.

दुसरें उदाहरण परदेशी मापांचें आहे. ‘बारा पौंडी’ तोफ इंग्रजांची असो वा फ्रेंचांची, नांव एकच. परंतु फ्रेंच पौंड ४८९·५ ग्रॅमांचा आणि इंग्रजी ४५३·६ ग्रॅमांचा. वजनांत सुमारें आठ टक्के फरक; व्यासांत अडीच टक्क्यांहून थोडा अधिक. म्हणजे इंग्रजी नियमांतील सगळ्या वावाचा निम्मा भाग केवळ पौंडाच्या दोन अर्थांत नाहींसा होतो. ज्या सैन्यांत फ्रेंच मापाच्या आणि इंग्रजी मापाच्या तोफा शेजारी शेजारी उभ्या असत, तेथें गोळ्यांचा ढीग एक ठेवून चालणें शक्य नव्हतें.

तिसरी अडचण वजनानेंही कळत नाहीं. ओतकामांत गोळ्याच्या पोटीं हवा राहून पोकळी होते. घनफळाचा विसावा भाग पोकळ असेल तर त्याच वजनाचा गोळा सव्वाशें मिलिमीटर व्यासाच्या मानानें सुमारें २ मिलिमीटर मोठा निघतो. सांच्याचे दोन भाग नीट न जुळल्यास कडेला शीर राहते, किंवा गोळा एका अंगानें लांबट होतो. तराजूंत असे सर्व गोळे सारखेच उतरतात.

या फरकांचें फळ काय होतें? वाव फार थोडा असला तर गोळा नळींत अडकतो. दहा-पांच बार झाल्यावर दारूची काजळी नळीच्या आंतल्या अंगास बसते आणि आरंभीं सहज जाणारा गोळाही मग घट्ट होतो. जोर करून ठोकल्यास तोफ फुटण्याचें भय. वाव फार मोठा असला तर दारूचा जोर गोळ्याच्या भोंवतालून निसटून जातो, गोळा नळींत आदळत जातो, मारा जवळ पडतो आणि नेम राहत नाहीं. इंग्लंडांत बेंजामिन रॉबिन्स यानें १७४२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून या विषयाची चर्चा गणितानें होऊं लागली, आणि पुढें १७७० नंतरच्या दशकांत निघालेल्या कॅरोनेड जातीच्या तोफांत वाव मुद्दाम कमी करून थोड्या दारूंत तेंच काम साधलें गेलें.

मोजणी दोरीनें केल्यास काय होतें तेंही पाहूं. बारा सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याभोंवतीं दोरी गुंडाळून परिघ घेतला आणि त्यांत एक सूत चूक झाली, तर व्यासांत एक मिलिमीटर चूक येते. उलट २२ : ७ ऐवजीं ३९२७ : १२५० घेतल्यानें त्याच व्यासांत मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा फरक पडतो. गणितांतली स्थूलता येथें दोरींतल्या स्थूलतेच्या वीसपट लहान आहे. तेव्हां दोष गणिताचा नव्हता, साधनाचा होता.

५

यूरोपांत यावर जो उपाय निघाला तो अंक मोजण्याचा नव्हता; तो कड्यांचा होता. फ्रान्सांत ग्रिबोव्हाल या सेनानीनें १७६५ पासून तोफखान्याची जी नवी व्यवस्था लाविली तींत प्रत्येक जातीच्या गोळ्यासाठीं दोन लोखंडी कडीं असत. मोठ्या कड्यांतून गोळा सर्व बाजूंनीं फिरवून गेलाच पाहिजे. लहान कड्यांतून तो कोणत्याही बाजूनें जातां कामा नये. दोन्ही कसोट्यांस उतरलेला गोळा पुढें एका नळकांड्यांतून गडगडत सोडीत. मध्यें अडकला तर तो बाद. नळीच्या आंतील व्यास मोजण्यासाठीं आंत सरकविण्याचें व टोकें बाहेर येणारें एक निराळें साधन होतें. या पद्धतींत कारागिरास अंक वाचतां आले पाहिजेत असें नाहीं. ‘जातो’ आणि ‘जात नाहीं’ एवढ्या दोन शब्दांत निकाल होतो. मोठें व लहान कडें यांतील अंतर हीच मुभा. आणि ती ठरविण्याचा अधिकार कारागिराचा नसून कडीं देणाऱ्या सरकारचा.

नळीच्या बाजूनेंही सुधारणा झाली होती. पूर्वी तोफ मध्यें मातीचा गाभा ठेवून पोकळ ओतीत. गाभा किंचित् सरकला तरी नळी एका अंगास जाई. पुढें तोफ भरीव ओतून ती यंत्रावर फिरवीत व आंत स्थिर पातें घालून नळी कोरीत. इंग्लंडांत विल्किन्सन यानें १७७४ मध्यें या कामाचें यंत्र सिद्ध केलें. त्याच कलेनें पुढें वाफेच्या यंत्राचे नळकांडे कोरले गेले आणि पन्नास इंच व्यासाच्या नळकांड्यांत जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढीही चूक नाहीं, अशी त्याची तारीफ झाली. वाफेचें यंत्र यशस्वी झालें याचें एक कारण तोफेची नळी कोरण्याची विद्या हें आहे.

ही विद्या हिंदुस्थानांत कितपत पोंचली होती? महादजी शिंद्यांनीं १७८४ मध्यें द बॉयन् यास पदरीं ठेविलें आणि आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका तयार होऊं लागल्या. या कारखान्यांच्या कामाची साक्ष शत्रूनेंच दिली आहे. १८०३ मध्यें दिल्लीच्या लढाईंत लॉर्ड लेकच्या हातीं पडलेल्या तोफांचें वर्णन थॉर्न यानें आपल्या १८१८ च्या ग्रंथांत नोंदलें आहे. त्याचा आशय असा : पितळी तोफा बहुतेक हिंदुस्थानांतच ओतलेल्या, कांहींवर मथुरेचें तर कांहींवर उज्जयिनीचें नांव, मापें सामान्यतः फ्रेंच पद्धतीचीं, आणि काम कंपनीच्या शस्त्रागारांतील कामाहून कमी प्रतीचें नाहीं. कांहीं चार पौंडी तोफांत तर आंतली नळी लोखंडाची असून तिच्यावर पितळ ओतलेलें होतें. ती लोखंडी नळी घडीव लोखंडाच्या चार लांब पट्ट्या अतिशय बेमालूम जुळवून केलेली होती. चार पट्ट्या उभ्या जोडून त्यांतून गोल नळी साधणें हें ज्यानें केलें त्याच्या हाताला व डोळ्याला सूक्ष्मता नव्हती असें कोण म्हणेल?

असईच्या तोफांविषयीं वेलस्ली यानें लिहिलें तेंही विचार करण्यासारखें आहे. शिंद्यांच्या तोफा व त्यांचा सरंजाम इतका चांगला आहे कीं तो आमच्या सैन्याला उपयोगीं पडतो. टिपूच्या तोफा आम्हांस कधीं वापरतां आल्या नाहींत, असा त्याच्या म्हणण्याचा मतितार्थ. इतर कारणें कांहींही असोत, परकी तोफ आपल्या सैन्यांत वापरतां येणें याचा पहिला अर्थ असा कीं, तिच्या नळीचें माप ज्ञात व विश्वसनीय होतें आणि तिच्याजोगा गोळा मिळत होता किंवा ओतून घेतां येत होता. सेनापतीची ही एक ओळ शिंद्यांच्या कारखान्यांतील मापनाला मिळालेलें प्रशस्तिपत्र आहे. तें रणांगणांत हरल्यावर मिळालें, हें आमचें दुर्दैव.

६

पेशव्यांच्या खास तोफखान्याची स्थिति निराळी दिसते. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत, १७६५-६६ च्या सुमारास, जुन्नर प्रांतीं आंबेगव्हाण येथें गोळ्यांचा कारखाना व पुण्यास तोफा ओतण्याचा कारखाना निघाला, डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनीं आपल्या १९२८ च्या ग्रंथांत पेशवे दप्तराच्या आधारें याची नोंद केली आहे. तोफखान्याची सरदारी पानशांच्या घराण्याकडे. म्हणजे उद्योग होता, पैसा होता, माणसें होतीं. असें असतां धारवाडच्या वेढ्यांत (१७९०-९१) परशुरामभाऊंच्या सैन्याबरोबर असलेल्या मूर या इंग्रज अधिकाऱ्यानें १७९४ मध्यें छापलेल्या आपल्या वृत्तांतांत मराठी तोफांच्या मंदपणाची थट्टा केली : तोफ भरावी, मंडळीनें बसून गप्पा मारीत तंबाखू ओढावी आणि मग केव्हां तरी बार काढावा.

या थट्टेवरून आळसाचा निष्कर्ष काढणें सोपें आहे आणि अनेकांनीं तो काढलाही आहे. मला तो पुरता पटत नाहीं. ज्या तोफखान्यांत पांच कारखान्यांच्या, तीन राज्यांच्या व दोन पिढ्यांच्या तोफा एकत्र असतील, तेथें प्रत्येक बाराच्या आधीं गोळा निवडावा लागणार, तो नळीशीं लावून पाहावा लागणार, घट्ट झाल्यास बदलावा लागणार. तापलेली तोफ निववावीही लागणार. ज्या सैन्यांत कड्यांनीं पारखलेले गोळे एकाच मापाच्या नळ्यांसाठीं पेटींत भरून येतात, तेथील गोलंदाज न पाहतां हात घालून गोळा उचलतो. बाराचा वेग हा गोलंदाजाच्या अंगांतल्या चपळाईइतकाच कारखान्यांतल्या कड्यावर अवलंबून असतो. मूरला जें बसून राहणें दिसलें त्यांत आळस किती आणि मापाचा अभाव किती, हा प्रश्न आंबेगव्हाणचे हिशेब व प्रत्यक्ष तोफा यांची सांगड घातल्यावांचून सुटणार नाहीं.

एवढें मात्र म्हणतां येतें कीं, शिंद्यांचे कारखाने व पेशव्यांचे कारखाने यांतील भेद हस्तकौशल्याचा नव्हता. चार पट्ट्यांची नळी जोडणारा लोहार एतद्देशीयच असणार. भेद होता तो सर्वांस बंधनकारक असणाऱ्या एका प्रमाणाचा. हात कितीही कसबी असो, दुसऱ्या गांवच्या दुसऱ्या हातानें केलेल्या वस्तूशीं त्याच्या कामाचा मेळ बसावयाचा असेल तर दोघांच्या मध्यें तिसरी वस्तु लागते; ती म्हणजे प्रमाण. नैयायिकांनीं ‘प्रमाण’ या शब्दानें ज्ञानाचें साधन म्हटलें आणि व्यवहारानें त्याच शब्दानें माप म्हटलें, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

७

कड्यांची हीच युक्ति आजच्या कारखान्यांत चालू आहे. भागाचें माप अंकांत वाचण्यासाठीं व्हर्निअर व मायक्रोमीटर असले, तरी हजारों नग तपासावयाचे असतां ‘गो’ आणि ‘नो-गो’ असें दुतोंडी गेजच वापरतात. एक टोंक गेलें पाहिजे, दुसरें जातां कामा नये. गेजेंही झिजतात, म्हणून तीं तपासण्यासाठीं त्यांहून सूक्ष्म असे पोलादी ठोकळे असतात. ते योहान्सन या स्वीडिश कारागिरानें १८९६ च्या सुमारास योजिले. आणि तो नोकरीस होता तो कारखानाही बंदुकांचाच. त्याचे ठोकळे इतके सपाट कीं दोन एकमेकांवर सरकविले असतां चिकटून बसत, आणि निरनिराळे ठोकळे जोडून पाहिजे तें माप उभें करतां येई. ठोकळ्यावरून गेज, गेजावरून वस्तु, अशी ही परंपरा आहे. मूळ हस्तलिखित, त्याची प्रत व प्रतीची प्रत यांची शाखा लावणाऱ्या आपल्या वाचकांस ती परकी वाटूं नये : प्रत जितकी मूळाच्या जवळ तितकी ती शुद्ध, आणि मूळ हरवलें तर सर्वच प्रती संशयित.

या सूक्ष्मतेला ऊन देखील बाधतें. पोलादाची शंभर मिलिमीटर लांबीची सळई पंचवीस अंश तापमान वाढल्यानें सुमारें २९ मायक्रॉन वाढते. मे महिन्यांत आमच्या पायनघाटांत, मलकापूर-खामगांवकडे, पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. तेथें उघड्यावर घेतलेलें माप आणि थंड देशांत घेतलेलें माप यांत एवढा फरक वस्तु न बदलतां पडेल. म्हणून लांबीचें माप २० अंश सेंटिग्रेडवर धरावें असें १९३१ मध्यें आंतरराष्ट्रीय संकेतानें ठरलें. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेस, भुसावळजवळ वरणगांव येथें, बंदुकीच्या काडतुसांचा सरकारी कारखाना १९६४ पासून आहे. असईच्या रणापासून दूर नसलेल्या या मुलखांत आज तयार होणारें काडतूस देशांतल्या कोणत्याही कारखान्याच्या, त्याच जातीच्या बंदुकींत बसलें पाहिजे, ही अट शिंद्यांच्या गोलंदाजानें केलेल्या अपेक्षेहून तत्त्वतः निराळी नाहीं; मुभा मात्र मिलिमीटरांवरून त्याच्या शतांशांवर आली.

८

आतां संग्राहकांस कांहीं सूचना. आमच्या गडांवर, गढ्यांत व घराण्यांच्या वाड्यांत अजून तोफा व गोळे पडलेले आढळतात. त्यांचीं वर्णनें ‘लांबी सहा हात, तोंड एक वीत’ अशा थाटाचीं असतात. नरनाळ्याची तोफ नऊगजी म्हणून प्रसिद्ध आहे. पण नांवावरून लांबी धरूं नये, कारण नांव देणाऱ्याचा गज कोणता होता हा प्रश्न उरतोच. वीत व हात यांनीं केलेल्या वर्णनावरून गोळ्याची जात ठरविणें अशक्य आहे, कारण जातीजातींतला भेद यवायवाचा आहे. इंग्रजी बारा पौंडी तोफेचा वाव ५·६ मिलिमीटर, म्हणजे अडीच यवांहूनही कमी, हें ध्यानांत घेतलें म्हणजे वितीचा निरुपयोग दिसून येईल.

नळीचा व्यास तोंडाशीं एकदां व तोंडापासून एक वीतभर आंत एकदां, असा दोनदां घ्यावा. प्रत्येक वेळीं उभा व आडवा असे दोन आंकडे घ्यावे. तोंडाशीं नळी आघातानें झिजलेली असते; म्हणून आंतला आंकडा अधिक विश्वसनीय. उभ्या-आडव्या मापांत फरक आढळला तर तो लिहावा. तो गाळून सरासरी देणें म्हणजे पुराव्याचा नाश करणें होय. गोळ्याचा व्यास एकमेकांस काटकोनांत असणाऱ्या तीन दिशांनीं कॅलिपरनें मोजावा आणि जोडीस वजनही घ्यावें. व्यासावरून येणारें वजन व प्रत्यक्ष वजन यांत मोठी तफावत पडली तर गोळा आंतून पोकळ आहे किंवा गंजानें फुगला आहे, असें समजावें. गंजलेलें लोखंड मूळाहून अधिक जागा व्यापतें. म्हणून खवल्यांखालील घट्ट लोखंडाचें माप जेथें घेतां येईल तेथें तेंही द्यावें. गंज हातोड्यानें झाडूं नये. गोळ्यास भोंक असेल तर तो गरनाळीचा पोकळ गोळा असून त्यांत दारू असण्याचा संभव आहे. अशा वस्तूस हात न लावतां सरकारी अधिकाऱ्यांस कळविणें हेंच योग्य.

आंकडे मिलिमीटरांत द्यावे आणि कशानें मोजलें व त्या साधनांत किती चूक संभवते तें शेजारी लिहावें. ‘११८ मिलिमीटर’ एवढेंच न लिहितां ‘११८, अधिक-उणा १’ असें लिहिलेलें वाक्य दसपट मोलाचें आहे. कारण त्यानें वाचकास कोठवर विश्वास ठेवावा तें कळतें. कागदांच्या बाबतींत, गोळ्यांच्या यादींत शेर कोणता आहे याचा उलगडा त्याच दप्तरांतील धान्य, दारू किंवा शिसें यांच्या हिशेबांवरून होतो का तें पाहावें, आणि यादी छापतांना तो दुवा सोडूं नये. ‘नापसंत’, ‘परत’ किंवा ‘मोडींत’ असा शेरा मारलेले गोळे आढळले तर ती ओळ विशेष जपावी. गोळा कोणत्या कारणानें परत केला हें एका ठिकाणीं जरी सांपडलें, तरी आमच्या कारखान्यांत कोणती मुभा चालत होती हें कळेल. 

अशी शंभर तोफांची व पांचशें गोळ्यांचीं मापें एकत्र झालीं तर त्यांचे गट आपोआप पडतील. एका गटांतील नळ्या एकमेकींशीं मिलिमीटरभरांत जुळत असतील तर त्यांच्यामागें एक कडें, एक कारखाना व एक हुकूम होता असें म्हणतां येईल. जुळत नसतील तर तसें नव्हतें. हा पुरावा कोणत्याही बखरीच्या स्तुतीहून व कोणत्याही प्रवाशाच्या निंदेहून निःपक्ष आहे. ज्यांच्यापाशीं असे गोळे किंवा अशा याद्या असतील त्यांनीं वरील रीतीनें टिपणें करून या त्रैमासिकाकडे पाठवावीं, अशी विनंति आहे.